गावालगतचा माळ मोकळा राखण्यासाठी कर घेणारे ‘उद्यान जिल्हे’ आपल्याकडे शक्य आहेत का?

बालाघाटी (अंबाजोगाई): गेल्या हिवाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात ओकलंडला राहिलो. घरामागच्या डोंगरावर रोज फिरायला जात असे आणि वाटेतल्या फाटकावर ‘गुरे चरत आहेत, फाटक लावून घ्यावे’ अशा अर्थाची पाटी होती. तो डोंगर ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे उद्यानांसाठी कर घेणारा ‘उद्यान जिल्हा’, या संस्थेच्या मालकीचा असल्याचे नंतर समजले. इकडे मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणाऱ्या वाटेवर पहाटे आम्ही अजून निर्धास्त फिरतो. पण शहराकडेच्या माळावर मुरमाचा खड्डा दरवर्षी रुंदावत आहे आणि त्याच्या काठावरच्या सीताफळींची मुळे उघडी पडून लोंबत आहेत. अर्ज केला, तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. तशी संस्था आपल्याकडे उभी राहू शकेल काय?

नगररचनेतला निवृत्त: आपण सांगता ती संस्था 1934 मध्ये, म्हणजे ऐन महामंदीत, मतदारांनी कौल देऊन उभी केली, मालमत्तेच्या दर 100 डॉलर मूल्यांकनामागे 5 सेंट कर त्यांनी स्वतःहून मान्य केला आणि 1936 मध्ये पाणीपुरवठा संस्थेची जादा ठरलेली जमीन विकत घेऊन पहिली उद्याने केली. आज दोन काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) मिळून 1,20,000 एकरांहून अधिक जमीन तिच्याकडे असून कारभार सात निवडून आलेले संचालक पाहतात. आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण म्हणून हिरवा रंग भरला की जागा वाचली, असा समज आहे. प्रत्यक्षात 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत संपादन झाले नाही आणि मालकाने खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) बजावल्यावरही 24 महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे अडते ते पैशाशी. नगरपरिषदेच्या तिजोरीत भूसंपादनाची पाळी नळ, गटार, रस्ते यांच्या मागून येते. तिकडे त्या एका कामासाठीच वेगळा कर आहे.

माळरान: गायरानाचा विषय त्यात घ्यावाच लागेल. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, हे खरे. पण मराठवाड्यात गायरान कसणारी भूमिहीन दलित कुटुंबेही आहेत, आणि 1964 चा दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह भूमिहीनांना जमीन मिळावी यासाठीच होता. जॉगिंग ट्रॅकसाठी त्यांना उठवणार असाल, तर माझा विरोध राहील. आपण पाहिलेल्या पाटीवरची गुरे मात्र मला पटली: तिथे वाळके गवत कमी राहून वणवा आटोक्यात राहावा म्हणून चराईला मुद्दाम परवानगी देतात. इथे बाग झाली की पहिल्या दिवशी शेळ्यांना बंदी होते.

बालाघाटी: दोघांचेही आभार. काल सातबारा काढला. निम्मा माळ सरकारी गायरान निघाला आणि त्यावर कसणारे कोणी नाही, फक्त चराई चालते. खड्डा मात्र उरलेल्या खासगी गटात आहे. त्या गटावर आराखड्यात आरक्षण आहे का आणि कोणत्या वर्षापासून, हे सोमवारी जाऊन पाहतो.