हेज कोडने नक्की कुणाला वाचवलं?

पडद्यामागे:
परवा पुन्हा तेच ऐकलं, की जुन्या हॉलिवूडला हेज कोडची, म्हणजे स्टुडिओंनी स्वतःवरच घालून घेतलेल्या नियमांची, मर्यादा होती, मग सेन्सॉर ढिलं पडलं आणि पडद्यावर नागडेपणा आला. मला हे अजिबात पटत नाही, मुळात क्रमच चुकीचा आहे. १९१५ सालीच 'इन्स्पिरेशन' नावाच्या मूकपटात ऑड्री मन्सन शिल्पकाराची मॉडेल म्हणून विवस्त्र दिसली होती. पुढच्याच वर्षी ॲनेट केलरमन ही नावाजलेली जलतरणपटू 'अ डॉटर ऑफ द गॉड्स'मध्ये तशीच दिसली. म्हणजे आधी मोकळीक होती, बंधनं मागून आली.

आणि ती आली कशी? १९१५ मध्येच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण नाही. मग राज्याराज्यांची सेन्सॉर बोर्डं कात्री घेऊन बसली, प्रत्येकाचे नियम वेगळे, एकच पिक्चर इथे एक आणि तिथे वेगळाच दिसायचा. सरकार आणखी आत शिरेल या धास्तीने स्टुडिओंनी १९२२ मध्ये आपली संघटना काढली, विल हेज यांना प्रमुख केलं. १९२७ मध्ये संघटनेने काय दाखवायचं नाही याची यादी केली (हेज कोड पुढे तिच्यातूनच आला), आणि त्या यादीत नग्नता होती, अगदी सावलीतूनसुद्धा दाखवायची नाही असं, आणि त्याच यादीत गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंधही दाखवायचे नाहीत असं होतं. हे लोक विसरतात. ज्या यादीत या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसतात ती बाईच्या इज्जतीसाठी केलेली होती हे मी कसं मानू?

जुनीरिळं:
वंशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो कलंकच आहे. पण तेवढ्यावरून त्या काळचं सगळं कामच मोडीत काढू नका. १९३४ ला कोडच्या अंमलबजावणीवर जोसेफ ब्रीन आल्यावर कोड खऱ्या अर्थाने लागू झाला, मंजुरीचा शिक्का नसलेला पिक्चर लावला तर २५,००० डॉलर दंड, आणि तरी त्यानंतरची वीस वर्षं बघा काय पिक्चर निघाले. हिचकॉकचा १९४६ चा 'नटोरियस' घ्या. लांबलचक चुंबन चालणार नाही म्हटल्यावर त्याने काय केलं, तर दोघं ओठ टेकवतात, बाजूला होतात, कुजबुजतात, चालत फोनपर्यंत जातात, परत जवळ येतात, असं अडीच मिनिटं चालतं. सगळे कपडे अंगावर आहेत आणि तरी बघणाऱ्याला श्वास घ्यायला सुचत नाही. आजच्या दिग्दर्शकाला ते सुचेल का? त्याला गरजच नाही, तो सरळ कपडे काढायला सांगतो. बंधन असलं की डोकं चालतं, हे माझं ठाम मत आहे.

पडद्यामागे:
ते हिचकॉकचं डोकं होतं, कोडचं नाही! त्याच नियमाखाली शेकडो सुमार पिक्चर निघाले, ते कुणाला आठवत नाहीत एवढंच. आणि जिथे सूचक दाखवून भागत नाही तिथे काय करायचं? 'द पॉनब्रोकर' बघा. छळछावणीतून वाचलेला माणूस, त्याच्यासमोर एक बाई पैशांसाठी छाती उघडी करते, आणि त्याला छावणीतली आपली बायको आठवते. तिथे कॅमेरा वळवला तर त्या माणसाचं दुःखच नाहीसं होतं. १९६५ मध्ये कोडवाल्यांनाही अपिलात त्याला अपवाद म्हणून शिक्का द्यावा लागला.

मध्यंतर:
तुम्ही दोघं नीतीवर भांडताय, पण कोड उभा होता तो थिएटरांच्या जोरावर. मोठ्या स्टुडिओंचीच थिएटरं, त्यामुळे शिक्का नाही तर पडदा नाही. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि त्यांना थिएटरं सोडावी लागली, १९५२ मध्ये त्याच कोर्टाने १९१५ चा निकाल फिरवून सिनेमाला अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं. १९५३ मध्ये 'द मून इज ब्लू' शिक्क्याशिवाय लागला आणि चालला. १९६६ ला एमजीएम या मोठ्या स्टुडिओने 'ब्लो-अप' दुसऱ्याच कंपनीच्या नावाने काढला, तोही शिक्क्याशिवाय. मग १ नोव्हेंबर १९६८ पासून कोडऐवजी प्रेक्षकांच्या वयानुसार रेटिंग. दुकान बंद पडलं म्हणून नियम गेला, कुणाचं मन मोठं झालं म्हणून नाही.

सावलीखेळ:
इतका वेळ वाचतेय, सगळे प्रेक्षकाबद्दल आणि दिग्दर्शकाबद्दल बोलताय. जिचं अंग पडद्यावर आहे तिचं काय?

'लास्ट टँगो इन पॅरिस', १९७२. नायिका मारिया श्नायडर १९ वर्षांची, नायक मार्लन ब्रँडो ४८ चा. त्यातल्या बलात्काराच्या सीनमध्ये नेमकं काय होणार हे तिला आधी नीट सांगितलं नव्हतं, इटालियन दिग्दर्शक बर्तोलुचींनी २०१३ मध्ये स्वतः कबूल केलं की आपल्याला नटी नको होती, खऱ्या मुलीची प्रतिक्रिया हवी होती. संभोग अभिनयाचा होता पण तिचे अश्रू खरे होते असं ती २००७ मध्ये म्हणाली होती. जुनीरिळं, तुम्ही म्हणाल बघा मोकळीक दिल्यावर काय झालं. पण इटलीत सेन्सॉर जिवंत होतं की. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, बर्तोलुचींचा मतदानाचा हक्क पाच वर्षं काढून घेतला. कशासाठी? अश्लीलतेसाठी. म्हणजे एवढी मोठी शिक्षा झाली आणि त्यात ती मुलगी कुठेच नाही. बघणाऱ्याचं मन मळलं हा गुन्हा, तिच्याशी जे झालं तो नाही. हे वाचलं तेव्हा माझा खूप संताप झाला होता आणि अजून होतो.

जुनीरिळं:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं म्हणेन की कोड असता तर तो सीन लिहिलाच गेला नसता, आणि ती वाचली असती.

पडद्यामागे:
लिहिलाच गेला नसता हे कशावरून? १९३४ च्या 'टारझन अँड हिज मेट'मध्ये पाण्याखालचा विवस्त्र पोहण्याचा सीन नायिकेऐवजी जोसेफिन मॅकिम या ऑलिंपिक जलतरणपटूने केला. ब्रीनने तो कापायला लावला, पण शूट झाल्यावर ना. कात्री चालते ती रिळावर, सेटवर ती नसतेच.

मध्यंतर:
हो, आणि सेटवरची माणसं आत्ता आत्ता आली. २०१८ पासून एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीने इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे सीन शूट होताना कलाकारांची बाजू सांभाळणारी माणसं, ठेवायला सुरुवात केली.

सावलीखेळ:
त्यांच्या येण्याने फरक पडलाय, हे मनापासून म्हणते. काय दिसणार, किती दिसणार हे आधी लिहून घेतात, शूटिंगच्या वेळी गरज नसलेली माणसं बाहेर काढतात. अमेरिकेतल्या कलाकारांच्या युनियनच्या करारात कॅमेरा सुरू होण्याआधी कधीही नाही म्हणता येतं. पण एकदा शूट झालं की ती संमती मागे घेता येत नाही, तो शॉट वापरायचा की नाही हे मग तिच्या हातात नाही. मला त्याबद्दल बोलायचंय.