टीव्हीवर चित्र येतंय, पण रंग कुठे गेले? (जुनं ग्राफिक्स कार्ड, एस-व्हिडिओ, लिनक्स)

चौकटराजा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा जुनाट आहे, हसलात तरी चालेल.

माझ्याकडे मुलीच्या लहानपणीच्या मिनी-डीव्ही टेपा आहेत. फायरवायरने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या: ७२० × ५७६, इंटरलेस्ड (प्रत्येक चौकट दोन 'फील्ड'मध्ये वाटलेली: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम). एलसीडीवर लावल्या की ती धावायला लागताच अंगाभोवती कंगव्याचे दात दिसतात. म्हणून ठरवलं, काचेच्या टीव्हीसाठी काढलेलं चित्र काचेच्या टीव्हीवरच बघायचं. माळ्यावरचा टीव्ही खाली आणला (पाठ अजून दुखतेय). कार्ड जीफोर्स ६२००, मागे गोल एस-व्हिडिओ भोक. टीव्हीला मात्र फक्त पिवळं भोक आहे, म्हणून मध्ये एस-व्हिडिओ ते पिवळी पिन असा छोटा अडॅप्टर लावलाय. ड्रायव्हर नूव्हो, म्हणजे लिनक्समधला एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर.

चित्र येतं, स्थिर आहे, गुंडाळत नाही. पण काळंपांढरं! बायोसची पाटीही टीव्हीवर दिसते, पण ती पांढऱ्या अक्षरांची, तिच्यात रंग होता की नव्हता कुणाला ठाऊक. दोन संध्याकाळी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ या पडद्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टीव्हीस्टँडर्ड' आणि 'पाल-बी' (आपल्याकडची टीव्ही पद्धत) लिहून पाहिलं. ढिम्म. कार्ड गेलं का?

टर्मिनलटोळ

कार्ड गेलेलं नाही. 'टीव्हीस्टँडर्ड' हा पर्याय एनव्हिडियाच्या स्वतःच्या बंद ड्रायव्हरचा आहे. नूव्होला तो कळतच नाही, त्यामुळे तुमच्या दोन संध्याकाळी पाण्यात. जुन्या लेखांतून पर्याय उचलताना ते कुठल्या ड्रायव्हरसाठी लिहिलेत ते आधी बघा.

आणि एक सांगा, तुम्ही वेलँडच्या सत्रात आहात का (पडदा चालवणारी नवी यंत्रणा; एक्सऑर्ग ही जुनी)? तिथे एक्सरँडआर या पडद्याच्या आज्ञेला पडदे दिसतात, पण तिच्या हातात काही नसतं. लॉगिनच्या पडद्यावर एक्सऑर्ग निवडून आत या आणि 'एक्सरँडआर --प्रॉप' काय छापतं ते इथे टाका.

(मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.)

चौकटराजा

वेलँडच होतं! आता एक्सऑर्गमध्ये आलो. 'टीव्ही-१ कनेक्टेड' असं येतं. यादीत ६४० × ४८०, ७२० × ४८०, ७२० × ५७६, ८०० × ६०० वगैरे आहेत, त्यात ७२० × ५७६ समोर अधिकचं चिन्ह. खाली 'सबकनेक्टर: एस-व्हिडिओ', 'सिलेक्ट सबकनेक्टर: ऑटोमॅटिक', मग 'फ्लिकर रिडक्शन', 'ओव्हरस्कॅन' अशी बरीच नावं.

डागकाम

मी बरीच वर्षं टीव्ही उघडून बसलोय, लिनक्स नंतर शिकलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आत्ताच छापलंत, पण एक विचारतो: ते काळंपांढरं चित्र कसं आहे? स्वच्छ, धारदार? की करड्या भागांवर बारीक दाणे सरकताना दिसतात?

चौकटराजा

स्वच्छ! उलट मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच सुरेख. फक्त रंग नाहीत.

डागकाम

मग निदान झालं.

रंग जाण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं, कार्ड एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) पाठवतंय आणि टीव्ही पाल समजून वाचतोय, किंवा उलट. पालमध्ये रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर असते, एनटीएससीत ३.५८ वर. टीव्हीला ती ओळखता आली नाही की रंग टाकून देतो, पण लहर सिग्नलमध्ये असतेच, म्हणून तिचे दाणे पडद्यावर उमटतात. तुमच्याकडे दाणे नाहीत. शिवाय अधिकचं चिन्ह, म्हणजे पसंतीची खूण, ७२० × ५७६ समोर आहे, आणि ५७६ ओळी पालच्या, ४८० एनटीएससीच्या; म्हणजे नूव्हो पालच धरून चाललंय. एनटीएससी असतं तर ते चिन्ह ७२० × ४८० समोर दिसलं असतं.

दुसरं कारण तुमचं. एस-व्हिडिओच्या केबलमध्ये उजेड एका तारेतून जातो, रंग दुसऱ्या. चार पिनांपैकी दोन जमिनीच्या (ग्राउंड), तिसरी उजेडाची, चौथी रंगाची. पिवळ्या पिनेत एकच तार. तुमच्या अडॅप्टरने बहुतेक उजेडाची तारच पिवळ्या पिनेला जोडलीय, रंगाची लोंबकळतेय. टीव्हीला रंग मिळालेलाच नाही, तो दाखवणार काय? चित्र स्वच्छ दिसलं तेही त्याचमुळे, त्यात रंगाची भेसळच नव्हती.

कार्डाला सांगा की एस-व्हिडिओ नको, कंपोझिट पाठव:

एक्सरँडआर --आउटपुट टीव्ही-१ --सेट "सिलेक्ट सबकनेक्टर" कंपोझिट

कार्ड तारेवरचा भार चाचपून पलीकडे काय आहे याचा अंदाज बांधतं, आणि असे अडॅप्टर त्याला फसवतात. 'ऑटोमॅटिक'वर विसंबू नका.

चौकटराजा

आला! आला रंग! फ्रॉक लाल आहे. मी इतकी वर्षं निळा समजत होतो.

आता लोभ वाढलाय. एक, खालचा पॅनेल आणि घड्याळ पडद्याबाहेर गेलंय. दोन, आडव्या बारीक रेघा थरथरतात. तीन, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते कंगव्याचे दात इथेही आहेत, फक्त जरा पुसट. काचेच्या टीव्हीवर ते जायला हवे होते ना?

डागकाम

पहिलं: काचेचे टीव्ही चित्राची कड मुद्दाम चौकटीमागे लपवतात. 'ओव्हरस्कॅन' हळूहळू बदलत पडद्याकडे बघा, पॅनेल आत येईल. व्हिडिओ बघताना मात्र परत मागे न्या, टेपेची कड लपलेलीच बरी असते.

दुसरं: एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये पडते, म्हणजे सेकंदाला फक्त २५ वेळा उजळते. डोळ्याला ते कळतं. 'फ्लिकर रिडक्शन' वाढवलं की ती रेघ शेजारच्या ओळींत थोडी पसरते, थरथर कमी, चित्र किंचित मऊ. मी अक्षरं मोठी करून घेतो आणि हे निम्म्याच्या आसपास ठेवतो.

तिसऱ्याबाबत वाईट बातमी. तुमची कल्पना अशी की टेपेतलं वरचं फील्ड टीव्हीच्या वरच्या फील्डवर जाऊन बसेल. कार्ड तसं करत नाही. ते आधी अखंड चौकट स्मृतीत तयार करतं, मग एन्कोडर (टीव्हीचा सिग्नल बनवणारा भाग) ती ताणतो, गाळतो आणि आपल्या तालावर नव्याने फील्ड पाडतो. दोन्ही फील्ड आधीच एका चौकटीत विणली गेल्यावर दात आलेच. मॅट्रॉक्स जी-४०० वर डायरेक्टएफबी ही लायब्ररी वापरून फील्डला फील्ड जुळवता यायचं, लोक त्यासाठी ते कार्ड जपून ठेवायचे. तुमच्याकडे ते नाही. तेव्हा प्लेअरमध्येच डीइंटरलेस करा (फील्ड सुटी करून अखंड चौकटी बनवा), आणि तेही ५० चौकटींनी, २५ ने नको. निम्मी हालचाल वाया जाते.

टर्मिनलटोळ

एमपीव्ही या प्लेअरमध्ये फाइल चालू असताना छोटा 'डी' दाबा, सुरू होतं. सबकनेक्टरची आज्ञा डॉट-एक्सप्रोफाइल या लॉगिनला चालणाऱ्या फाइलमध्ये टाकून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा काळंपांढरं. पाल कायमचं हवं असेल तर ग्रब या बूट लोडरच्या कर्नल ओळीत 'नूव्हो.टीव्ही_नॉर्म=पाल' जोडा. आणि एक्सऑर्ग डॉट कॉन्फमधल्या त्या ओळी काढून टाका.

चौकटराजा

काढल्या. दात गेले. पण एका टेपेत ती झोका घेताना चित्र पुढे-मागे, पुढे-मागे असं अडखळतं. बाकीच्या ठीक.

डागकाम

फील्डचा क्रम उलटा वाचला जातोय. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. ती एक फाइल बहुधा मध्ये कुठल्यातरी प्रोग्रॅममधून पुन्हा साठवली गेलीय आणि तिच्यावर 'वरचं आधी' असा शिक्का बसलाय. डीइंटरलेसच्या फिल्टरला पॅरिटी बीएफएफ (खालचं फील्ड आधी) द्या. मूळ टेप अजून चालत असेल तर मात्र पुन्हा उतरवूनच घ्या.