रेझिस्टन्स खरंच शून्य होतो का?

सुपरकंडक्टरबद्दल नेहमी म्हणतात की टीसीच्या (ज्या तापमानाला तो सुपरकंडक्टर बनतो त्याच्या) खाली गेलं की रेझिस्टन्स शून्य, विषय संपला. जाड तारेला ते व्यवहारात बरोबरच आहे, पण तार खूप बारीक असेल तर गोष्ट वेगळी होते आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो म्हणून लिहितोय. सुपरकरंट, म्हणजे रेझिस्टन्सशिवाय वाहणारा करंट, हा तारेच्या लांबीभर फेजला (सगळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या सामायिक लहरीच्या टप्प्याला) पडलेला पीळ असं समजा, दोरीला असतो तसा. आता उष्णतेमुळे सगळं सतत थरथरत असतंच, त्यात कधीतरी एखाद्या छोट्या तुकड्यात, साधारण कोहिरन्स लेंग्थएवढ्या (ज्याहून कमी अंतरात सुपरकंडक्टिव्हिटी फारशी बदलू शकत नाही तेवढ्या), सुपरकंडक्टिव्हिटी क्षणभर मरते आणि तेवढ्यात पिळाचा एक अख्खा फेरा, २π चा, सुटतो. हाच फेज स्लिप. करंट नसेल तर फेरे दोन्ही बाजूंनी सारखेच सुटतात, करंट असेल तर पीळ उलगडायच्या बाजूने जास्त, आणि सुटलेला पीळ परत भरून करंट चालू ठेवायचा तर सरासरी व्होल्टेज येतं, म्हणजे रेझिस्टन्स आलाच ना! १९६७ मध्ये लँगर आणि अंबेगावकर (हो, आपल्या ओळखीचंच आडनाव, विनय अंबेगावकर) या फिजिसिस्टनी याचा एनर्जी बॅरियर, म्हणजे एक स्लिप व्हायला लागणारी ऊर्जा, काढला, १९७० मध्ये मॅककंबर-हॅल्परिननी स्लिप किती वेळा होतात ते नीट केलं. प्रयोग झाले कथलाच्या व्हिस्करवर, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, तारेसारख्या क्रिस्टलवर, टीसी ३.७ केल्विनच्या आसपास. बॅरियर तारेच्या क्रॉस-सेक्शनच्या प्रमाणात वाढतो आणि स्लिपच्या दरात तो एक्स्पोनेन्शियलमध्ये बसलाय, म्हणजे बॅरियर थोडा वाढला की स्लिप झपाट्याने कमी, त्यामुळे व्हिस्करमध्येसुद्धा हा रेझिस्टन्स टीसीखाली जेमतेम काही मिलिकेल्विन दिसतो, मग इतका घसरतो की मोजताच येत नाही, पण गणितात तो शून्य कधीच होत नाही.