नवा क्लच सेट टाकला तरी गाडी थरथरते. दोष फ्लायव्हीलचा असेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी झालेली. मी वाईला राहते, नोकरी पाचगणीत, म्हणजे रोज पसरणी घाट. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्यांची रांग लागली की चढावर मुंगीच्या पावलानं सरकायचं. अशा वेळी हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची माझी जुनी खोड. तेव्हा क्लच गेला याचं खापर मी कुणावर फोडत नाही.

दिवाळीच्या सुमारास चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग काही वाढायचा नाही. ओळखीच्या गॅरेजात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलला. मजुरीसकट साडेअकरा हजार. घसरणं थांबलं, पण आता पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी अशी हादरते की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागतो. रिव्हर्सला त्याहून जास्त. एकदा गाडी उचलली की मग काही नाही. "नवीन आहे, बसेल हळूहळू," असं मिस्त्री म्हणाले. ६०० किमी झाले, अजून बसतोच आहे.

गिअरबॉक्स उतरवला होता तेव्हा मी सहज मोबाइलवर फोटो काढला होता. काल तो मोठा करून पाहिला. फ्लायव्हीलवर (इंजिनला जोडलेली जड चकती, तिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) रुपयाच्या नाण्याएवढे निळे-काळे डाग, गोलात पाच ठिकाणी, आणि आतल्या कडेला बारीक चरे. जुनी प्लेट मी मागून घेतली होती. तिच्या एका बाजूचे रिव्हेट घासून चमकतायत. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "पॉलिश पेपर मारलाय, त्याला काही होत नाही."

पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे पुन्हा मजुरी. त्याआधी विचारते: थरथर या डागांमुळे असू शकते का? आणि असली तर फ्लायव्हील घासून चालेल की नवंच घ्यावं लागेल?

चौथा_गिअर: ताई, आधी स्वस्तातलं बघा. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं असेल तरी गाडी उचलताना अशीच हादरते. आणि थंड असताना जास्त की गरम झाल्यावर?

धागाकर्ती: माउंटिंग बघितली, ठीक आहेत. सकाळी कमी, घाट चढून गेल्यावर जास्त.

जुना_मिस्त्री: गरम झाल्यावर वाढते म्हणजे फ्लायव्हीलचा संशय घ्यायला जागा आहे. क्लच प्लेट दोन तोंडांच्या मध्ये आवळली जाते: एक प्रेशर प्लेटचं, दुसरं फ्लायव्हीलचं. तुम्ही एक नवं केलं, दुसरं तसंच ठेवलं. नवी चपाती, पण तवा खड्डे पडलेला!

ते डाग नुसता रंग नाही. हाफ क्लचवर घासून तिथलं बीड (ओतीव लोखंड) भाजतं, गार होताना कडक होतं आणि आजूबाजूपेक्षा किंचित वर राहतं. पॉलिश पेपरनं निळेपणा जातो, कडकपणा राहतो. मग क्लच सोडताना प्लेट एकसारखी पकडत नाही, पकड-सोड, पकड-सोड करत बसते. तीच तुमची थरथर. चरे रिव्हेटनी पाडलेत. त्यांनी नवी प्लेट लवकर झिजेल, पण हादरा त्यांचा नाही.

घासायचंच तर लेथवर देऊ नका, सरफेस ग्राइंडरवर (फिरत्या दगडानं सपाट घासणारं मशिन) द्या. लेथचं टूल कडक जागेवरून उड्या मारत जातं. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्रेशर प्लेट बसते ती जागा वेगळ्या उंचीवर असेल, तर मधलं तोंड जेवढं घासाल तेवढीच ती पायरीही घासायची. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो आणि आजची थरथर उद्या घसरण होते. खोल भेग दिसली किंवा जाडी कंपनीनं दिलेल्या मर्यादेखाली गेली, तर सरळ नवं.

आणि हो, फ्लायव्हील ड्युअल मास जातीचं असेल तर यातलं काहीच करू नका. ते दोन तुकड्यांचं असतं, मध्ये स्प्रिंगा. इंजिन बंद करताना ठक्क असा आवाज येतो का?

धागाकर्ती: नाही येत. पार्टवाल्याकडेही विचारलं, साधं एकसंध आहे.

चौथा_गिअर: गिअरबॉक्स उतरवताय तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील बघून घ्याच. तिथून तेल प्लेटवर आलं तरी असंच होतं.

धागाकर्ती: आजची खबर. मजुरी अर्ध्यावर ठरली, भांडण नको म्हणून मीही जास्त ताणलं नाही. गिअरबॉक्स खाली आलाय, सील कोरडं आहे. फ्लायव्हील साताऱ्याला एमआयडीसीत नेलं. मी मुद्दाम उभी राहिले. दगड टेकला तेव्हा ठिणग्या सगळीकडून नाही, फक्त त्या पाच डागांपाशी उडत होत्या! मशिनवाले काका म्हणाले, "बघा, एवढंच वर होतं." मग हळूहळू पूर्ण गोलावर ठिणग्या यायला लागल्या. पायरीचं मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं. डाग गेले, एका जागी पुसटशी सावली उरलीय.

नवी प्लेट तापून काचेसारखी गुळगुळीत झालेली नाही, जळका वास नाही, तीच लावतोय. उद्या दहाला बसवणार आहेत. फ्लायव्हीलचे बोल्ट तेच लावू की नवे घेऊ?

जुना_मिस्त्री: नवे घ्या. बऱ्याच गाड्यांत ते एकदाच आवळायचे असतात. सावली पुन्हा गडद व्हायला लागली तर मात्र फ्लायव्हील बदलावंच लागेल, कडकपणा खोल गेलाय असं समजा. बसवण्याआधी तोंड पेट्रोलनं स्वच्छ पुसायला सांगा, आणि पुसल्यावर कुणाला ग्रीसचं बोट लावू देऊ नका. तुमच्या मिस्त्रींनाही.