अनुभव धागा: कोळंबीचं गरम डिप आणि आपले खान्देशी पाहुणे

जळगाव (धागा काढणारी): समुद्र कुठल्या कुठे, तरी पाहुण्यांपुढे ओव्हनमधलं कोळंबीचं डिप (ब्रेड बुडवून खायचं घट्ट मिश्रण) ठेवायची हौस मला आलीच. पाव किलो फ्रोजन कोळंबी, तेवढाच चक्का, दोन चमचे मेयोनीज, मूठभर किसलेलं चीज, कांद्याची पात. १८० अंशांवर २५ मिनिटं. बाहेर काढलं तर वर चीज आणि खाली तळं! मावससासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "हाई काय शे व? कढी?" तुमचेही अनुभव सांगा. फजिती आधी.

भुसावळ: ताई, ओव्हनचा दोष नाही, बर्फाचा आहे. कोळंबी आदल्या रात्री चाळणीत घालून फ्रिजमध्येच सुटू द्या. बाहेर ओट्यावर नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो. मग फडक्यात दाबून टिपायची आणि तापल्या तव्यावर दोन मिनिटं परतायची. अर्धचंद्र झाली की उतरवा; पूर्ण वेटोळं झालं की रबर. सुटलेलं पाणी डिपमध्ये ओतायचं नाही, मी त्यात भात शिजवते. चक्का रात्रभर टांगलेला हवा, आणि त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर, नाहीतर तापल्यावर फाटतो.

अमळनेर, सध्या बाल्टिमोर (अमेरिका): इकडे हे डिप खेकड्याचं. चेसापीक उपसागरातला निळा खेकडा, क्रीम चीज आणि ओल्ड बे मसाला. हा मसाला १९३९ साली इथेच निघाला. त्यात सेलरीचं मीठ असतं. गावी आलो की मी मिरी, मोहरीची पूड आणि चिमूटभर ओवा घालतो, सेलरी ओव्याच्याच कुळातली. एकदा हौसेने आपला काळा मसाला घातला. डिप राहिलं बाजूला, रस्सा झाला.

शिरपूर: पाहुणे दारात आणि लाइट गेली. जाड कढईत मीठ पसरलं, वर तिवई, त्यावर स्टीलचा डबा, घट्ट झाकण, मंद गॅस. वर लाली नाही आली, पण वाफाळतं निघालं.

नंदुरबार: आम्ही बाजारातला सुका जवळा वापरतो. कोरडा भाजायचा, धुवायचा, पिळायचा. मीठ अजिबात नको.

धुळे: आमच्याकडे स्वयंपाकघरात मासे चालत नाहीत, म्हणून ओव्हन पडवीत. दुसऱ्या दिवशी त्याच ओव्हनमध्ये नातीचा केक केला. केकला कोळंबीचा वास! आता लिंबाचं पाणी ठेवून दहा मिनिटं तापवते, मगच बाकीचं. आणि ब्रेड कशाला भाजता? भाजलेल्या बिबड्या (आपले ज्वारीचे पापड) ठेवा. फक्त जाड बघून घ्या, पातळ बिबड्या डिपमध्ये मोडतात.

जळगाव (धागा काढणारी): रविवारी पुन्हा केलं, भुसावळच्या ताईंनी सांगितलं तसंच. तळं नाही! मावससासूबाईंनी बिबडीने वाटी पुसून काढली, हात झटकले आणि विचारलं, "आते भाकर कोठे शे?"