'भारतात प्रथमच' म्हणे जंगलशाळा!

घोलवडचा_चिकू

परवा 'रानफूल' यांनी टाकलेली पोस्ट वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक बालवाडी निघाली आहे. वर्गखोली नाही, बाकं नाहीत. पोरं दिवसभर झाडाखाली, ओढ्याकाठी, चिखलात. पद्धत जर्मनीतल्या जंगल-बालवाड्यांवरून उचललेली. फी वर्षाला दीड लाखाच्या वर. आणि पोस्टचा शेवट काय, तर 'भारतात प्रथमच कोणीतरी चिमुकल्यांना मातीकडे नेत आहे.'

अहो, प्रथमच? डहाणू तालुक्यातलं बोर्डी कुठे आहे ते तरी माहीत आहे का? ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं गुरं राखायला जायची, शाळेत येईनात, तर या बायकांनी शाळाच उचलून कुरणावर नेली. तिचं नावच कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून चिंचोके, खडे, शिंपले, पानं यांवर मोजणी आणि रंगओळख. जी मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या वस्तीत जाऊन अंगणात वर्ग भरवला. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांना आपण आज अंगणवाडी म्हणतो, ते नाव तिथलं.

जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या जंगल-बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली १९९३ ला. तोवर ताराबाईंना जाऊन २० वर्षं झाली होती.

तुम्ही मुलाला चिखलात खेळवता याचा राग नाही, खुशाल खेळवा. राग याचा आहे की ज्यांच्याकडे फुटकी कवडी नव्हती त्यांच्यासाठी निघालेली गोष्ट आता दीड लाखाला विकली जाते, आणि ज्यांच्यासाठी निघाली होती ती पोरं आज दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पत्र्याखाली बसलेली असतात.

रानफूल

बरं, 'प्रथमच' खोडलं पोस्टमधून. झालं समाधान?

आता माझं ऐका. आम्ही अठराव्या मजल्यावर राहतो. खाली लॉन आहे, त्यावर 'चालू नये' अशी पाटी आहे. माझ्या लेकाला अनवाणी गवतावर उभं केलं तेव्हा तो एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहिला, 'टोचतंय टोचतंय' म्हणत रडला. आज तोच मुलगा गोगलगाय तळहातावर घेतो आणि ती शिंगं बाहेर काढेपर्यंत श्वास रोखून बसतो. ज्याला मांडीवर बसवून पाच मिनिटं जेवू घालता येत नव्हतं, तो!

एका ताईमागे सहा मुलं आहेत, म्हणून फी आहे. जमिनीचं भाडं आहे, बस आहे. ताराबाईंबद्दल आदर आहेच, पण ताराबाई माझ्या मुलासाठी बस पाठवणार नाहीत. आणि एक विचारू? तुमची मुलं अंगणवाडीत गेली का हो? की तुम्हीही इंग्लिश मीडियमच?

घोलवडचा_चिकू

माझी मुलगी झेडपीत शिकली. पुढचा प्रश्न?

घाटावरची

गोगलगाय वगैरे सगळं गोड आहे. मला फक्त एवढं सांगा, त्या चिखलाचे कपडे कोण धुतं?

आमच्या शाळेने मागच्या पावसाळ्यात 'मृदा दिन' केला. बालवर्गाचा गणवेश पांढरा शर्ट, पांढरे मोजे. लाल माती. ओली असताना चोळली की आणखी आत बसते, म्हणून आधी वाळू द्यायची, मग गॅलरीत झटकायची (खालच्या काकू वर बघून बोलणार, ते वेगळं), मग भिजवायचं, मग ब्रश. मोज्याच्या टाचेत ती माती शेवटपर्यंत राहतेच. आणि दुसऱ्या दिवशी डायरीत शेरा: 'गणवेश स्वच्छ असावा.' त्याच बाई!

या सगळ्या निसर्गशिक्षणाच्या लेखांत आई कुठे असते? फोटोत नसते. मोरीत असते.

निवांत_पाटील

वॉशिंग मशीन नावाचं यंत्र निघालंय म्हणे. एवढा त्रागा कशाला?

घाटावरची

चिखलाचे कपडे तसेच घाला मशीनमध्ये, मग तळाचा फिल्टर उघडा आणि चिमटीने वाळू काढा. तो फिल्टर कुठे असतो ते माहीत असेल तर.

निवांत_पाटील

वैयक्तिक होऊ नका. मी घरात भांडी घासतो.

घाटावरची

सत्कार करू का?

देवगडकर

कपड्यांचं बाजूला ठेवा, जिवाचं बोला. आमच्याकडे पोरं जन्मल्यापासून बाहेरच असतात, त्याला कोणी पद्धत म्हणत नाही आणि फीही घेत नाही. पण शहरातल्या ताया सहा-सहा मुलांना घेऊन 'दगड उचला, खाली काय सापडतंय बघा' असं करतात ते व्हिडिओत बघून माझ्या पोटात गोळा येतो. फुरसं हा विषारी साप बघितलाय का कोणी? जेमतेम हातभर, मातकट, दगडाखाली वेटोळं करून बसलेलं. खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, तो ऐकू आला तर नशीब. आमच्या आजीने मला शिकवलं होतं की दगड आपल्या बाजूने उचलायचा नाही, पलीकडची कड काठीने वर करायची, म्हणजे जे असेल ते तिकडे पळेल. हे त्या तायांना कोणी शिकवलंय?

विंचवाने कोकणात किती पोरं दगावायची ते जुन्या लोकांना विचारा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन ते मृत्यू खाली आणले म्हणून आज आपण 'मातीत खेळू द्या' म्हणतोय. रानफूलताई, शाळेला एकच विचारा: सापावरचं इंजेक्शन असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला आणि गाडी किती वेळात पोचते.

रानफूल

विचारलंय. पौडला. गाडी दिवसभर शाळेतच उभी असते. काठीचंही शिकवतात. तुम्हाला वाटतं आम्ही सगळे फोटो काढायलाच जातो.

देवगडकर

काठीचं शिकवत असतील तर ठीक. आजीला रॉयल्टी पाठवा.

निवृत्त_गुरुजी

मूळ मुद्दा कोणी धरतच नाही. लहान मुलांना बाहेर नेण्यात अडचण साप नाही, चिखल नाही. अडचण पालक आहे.

मी विस्तार अधिकाऱ्यांबरोबर बालवाड्या बघत फिरलो आहे. एका गावातल्या बाई मोठ्या हौशी. पोरांना रोज निंबाखाली न्यायच्या. निंबोळ्या गोळा करायच्या, पिकल्या वेगळ्या, कच्च्या वेगळ्या, दहा-दहाचे ढीग. वर्गीकरण झालं, मोजणी झाली, बोटांना वळण लागलं. तीन-चार वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त काय हवं? एक दिवस एक बाप आला, पोराची वही टेबलावर आपटली आणि म्हणाला, 'कोरी का? शेजारच्या इंग्लिश शाळेतला पोरगा ए टू झेड लिहितो.' दिवाळीनंतर निंबाखालचा वर्ग बंद, पाटीवर 'ए' गिरवणं सुरू. ज्या हाताला पेन्सिल धरण्याइतकी ताकद आलेली नसते त्या हाताला चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह! २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा, खेळातून शिक्षण, सगळं लिहून ठेवलंय. बापाला कोण सांगणार?

निवांत_पाटील

गुरुजी, बापाचं चुकलं काय? तुमच्या निंबोळ्या मोजून पुढे पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत कोण पास करणार? निसर्ग त्यांना परवडतो ज्यांचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. शेतकऱ्याच्या पोराला मातीचं कौतुक शिकवू नका, त्याला मातीतून बाहेर काढा.

घोलवडचा_चिकू

पटत नाही, पण या धाग्यावरचं तुमचं पहिलं गंभीर वाक्य आहे म्हणून उत्तर देतो. कोसबाडला पोरांना 'मातीचं कौतुक' शिकवलं नव्हतं. माती त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होती. आधी त्यांना आंघोळ घातली जायची, नखं कापली जायची, केस विंचरले जायचे, आणि मग अक्षर. बाहेर वर्ग घेणं हा अक्षरापर्यंतचा रस्ता होता.

घाटावरची

थांबा थांबा. आंघोळ शाळेत घातली जायची? म्हणजे ताराबाईंना कळलं होतं की हे काम कोणाचं तरी आहे आणि ते आईवर ढकलून चालणार नाही. हेच मी पहिल्यापासून बोंबलतेय!

ओस्लोकर

नॉर्वेतून लिहितोय, शिव्या घालायच्या आधी वाचा. आमची धाकटी इथल्या बार्नेहागेत, म्हणजे बालवाडीत, जाते. पाऊस असो, बर्फ असो, पोरं बाहेर. तान्ही तर बाबागाडीत बाहेरच झोपतात. थंडी उणे दहाच्या खाली गेली की लहानग्यांना आत घेतात, एवढंच. इथे म्हण आहे की हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात.

पण घाटावरचीताईंचा प्रश्न इथे सुटलेला आहे. पोराला वरून खालपर्यंत रबरी रेनसूट. संध्याकाळी दारात नळीने पोरासकट धुतात, पोर खिदळत असतं. मग सूट जातो वाळवणीच्या कपाटात. बालवाडीतच उभं कपाट असतं, आतून गरम हवा. घरी येतो तो बऱ्यापैकी कोरडा पोरगा. गणवेश नाहीच. आणि फीवर सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे, कलेक्टर असो की सफाई कामगार.

निवांत_पाटील

आले नॉर्वेवाले. तेलाचे पैसे आहेत तुमच्याकडे. लोकसंख्या किती? आमच्या पुणे जिल्ह्याहून कमी.

ओस्लोकर

कपाटाला तेलाची विहीर लागत नाही हो.

घाटावरची

मला ते कपाट हवंय. बाकी चर्चा तुम्ही चालू ठेवा.

निवृत्त_गुरुजी

धागा बालशिक्षणाचा आहे, धोबीघाटाचा नाही.

घाटावरची

गुरुजी, आपले लेंगे आयुष्यभर कोणी धुतले?

निवृत्त_गुरुजी

हा प्रश्न अप्रस्तुत आहे.

सेविका_मराठवाडा

रात्रीचे अकरा वाजले, आत्ता वाचायला वेळ मिळाला. तुम्ही सगळे अंगणवाडीबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

आमची अंगणवाडी समाजमंदिरात भरते. बाहेर मोकळी जागा आहे, लिंबाचं झाड आहे. त्याखाली ट्रॅक्टर लागतो. मालकाला सांगितलं तर म्हणतो, 'पोरं आत बसवा की.' अंगणवाडीच्या 'आकार' अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण झालंय आमचं. खेळ, गाणी, परिसर, सगळं आहे त्यात. करावं वाटतं. पण सकाळी आले की फोनमधल्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर हजेरी, मग आहार, मग वजन-उंची, मग गृहभेटी, गरोदर बायांच्या नोंदी, निवडणूक आली की मतदार याद्या. फोनला रेंज आत येत नाही, तर मी फोन वर धरून ट्रॅक्टरच्या पलीकडं जाते, आणि पोरं माझ्यामागं रांगेनं येतात. मुंगळे बघतात, ट्रॅक्टरच्या चाकाच्या खाचा बोटानं मोजतात. माहिती अपलोड होईस्तोवर आमची निसर्गशाळा चालते.

डिसेंबर २०२३ ला राज्यभर संपावर बसलो तेव्हा पेपरात 'बालकांचे हाल' असं छापून आलं. आमच्या हालाचा मथळा कोणी केला नाही. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी मिळतं त्याला अजून मानधनच म्हणतात.

आणि घाटावरचीताई, तुमचं खरं आहे. मी एकदा पोरांना ओल्या मातीची बैलं करायला दिली. दुसऱ्या दिवशी दोघी आया भांडायला आल्या. रागानं नव्हे, रडकुंडीला येऊन. टँकर दोन दिवसांआड येतो. पिण्याचं पाणी कपड्याला घालू का म्हणाल्या. त्यांना मी काय उत्तर देणार? तेव्हापासून बैलं करायची तर उन्हाळ्याच्या आधीच, विहिरीला पाणी असतं तोवर.

घोलवडचा_चिकू

ताई, हे मी लिहायला हवं होतं त्यापेक्षा चांगलं तुम्ही लिहिलंत. मात्र माझं म्हणणं यातूनच पक्कं होतं. सेविकेच्या हातातला फोन काढा, ट्रॅक्टर हलवा, की कोसबाड पुन्हा उभं राहील.

सेविका_मराठवाडा

फोन काढला तर मानधन निघत नाही. ट्रॅक्टर सरपंचाच्या भावाचा आहे. तुम्ही या हलवायला.

रानफूल

सेविकाताई, आमच्या शाळेतल्या ताया सुट्टीच्या दिवशी येऊन काही करू शकतील का? मनापासून विचारतेय.

सेविका_मराठवाडा

या की. वजनाच्या नोंदी घालायला माणूस हवाच आहे. पोरांना मी बघते.

निवांत_पाटील

😂 हे बेस्ट होतं.

घाटावरची

हसून झालं असेल तर कामाचं बोलू. गुरुवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे. मी दोन मागण्या लेखी देणार आहे. पावसाळ्यात बालवर्गाला पांढरा गणवेश बंद, आणि मातीत खेळायचा एक जादा जोड शाळेतच ठेवायचा, तिथेच धुवायचा, त्याचे पैसे हवे तर फीत धरा. सह्या आयांच्याच आहेत आत्तापर्यंत. इथे मुलांना मातीत खेळू द्या म्हणणारे आमच्या भागातले दोन-तीन बाबा दिसतायत. पाटील, तुमचा मुलगा आमच्याच शाळेत आहे असं तुम्ही गणपतीच्या धाग्यावर लिहिलं होतं. येताय?

निवांत_पाटील

सही करतो की. किती वाजता आहे?

घाटावरची

सकाळी साडेअकरा.

निवांत_पाटील

वर्किंग डेला साडेअकरा? अवघड आहे. मिसेसला पाठवतो.