चर्चमधे लोक नुसते येऊन बसतात, त्यांना सामील कसं करायचं?

संत्रानगरी_४०:
सलाम सगळ्यांना. आमची मंडळी मराठी, नागपुरातच, रविवारी दीडशेक लोक येतात. दोन वर्षांपासून मी तरुण संघाचं बघून राहिलो. गाणं क्वायरनं म्हणायचं, शास्त्रपाठ तेच दोघं-तिघं करतात, प्रार्थना पाळकसाहेबांची, बाकी सगळे दीड तास बसतात नि आशीर्वाद झाला की सरळ पार्किंगकडे. माइकवरून कितीदा सांगितलं की सेवा करायची असेल तर नाव द्या, एक नाव आलं नाही. बायबलमधे प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहितो की तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिक्षण (१ करिंथ १४:२६). मग आमच्या लोकांजवळचं बाहेर का येत नाही? लई जीव तुटतो.

सदरची_ताई:
भाऊ, माइकवरून सांगितलं की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याला सांगून राहिले. मी गुरुवारी एकेकाच्या घरी जाते, चहा घेते नि हातात चिठ्ठी देते, बायबलमधलं स्तोत्र १२१, आठ वचनं, रविवारी तुम्ही वाचा, मी बाजूला उभी राहते. एक काकू, नवरा गेल्यापासून शेवटच्या बाकावर बसायच्या, म्हणे मला बायबलचं अक्षर दिसत नाही. मी वहीच्या पानावर मोठं मोठं लिहून दिलं. पहिल्या रविवारी कागद थरथरत होता, तिसऱ्या वचनाला कुठं आवाज लागला. आता नवीन बायांकडून आधी घरी वाचून त्याच घेतात. आणि सगळ्यांना माइकच द्यायचा असं नाही, एका पोराला फक्त दवाखान्यात कोण ॲडमिट आहे त्याची वही दिली, तो आता भेटायलाही जातो.

टाळवाला:
गाण्याचंही बघा. कीबोर्डची पट्टी इतकी वर असते की म्हातारी माणसं नुसते ओठ हलवतात. पट्टी खाली घ्या, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचं एखादं भजन टाळावर घ्या, एकानं ओळ म्हणायची नि मागून सगळ्यांनी. पुस्तक उघडायचीही गरज पडत नाही.

मोहननगरकर:
आम्ही कॅथलिक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या आमच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ मधेच उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगितलं की लोकांचा सहभाग पूर्ण, समजून-उमजून आणि सक्रिय पाहिजे, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली ती त्यानंतर. पण त्यातच योग्य वेळी शांतता पाळा हेही लिहिलंय. माझी बायको नर्स, नाइट करून सरळ मिस्साला येते, डोळे मिटून बसते. तिला कोणी नुसती बसलेली म्हटलं तर मला पटणार नाही, तिची सेवा रात्रभर वॉर्डात झालेली असते.

संत्रानगरी_४०:
वहिनींचं पटलं दादा, मी फक्त कोण उभं राहते तेच मोजत होतो. ताई, उद्या गुरुवारच आहे, अजनीला एक रेल्वेतून रिटायर झालेले काका राहतात, आवाज भारदस्त, पण त्यांना आजवर कोणी विचारलंच नाही. पहिल्या वेळेला कोणतं स्तोत्र देऊ?

सदरची_ताई:
१३३ दे. तीनच वचनं आहेत. आणि चहाला नाही म्हणू नको.